आधी भरती पाहा, मग वर्गणी घ्या

दुपारी दोन ते चार आमच्या मलकापूरच्या दुकानात गिऱ्हाईक तुरळक असते. अशा वेळी आजूबाजूची तरुण मंडळी गादीवर येऊन टेकतात. गेल्या महिन्यात भाच्याने मोबाईलवर जर्मनीतील ऱ्हाईन नदीची चित्रफीत दाखविली. मोठी पांढरी बोट, दोन्ही तीरांवर द्राक्षांचे मळे, प्रत्येक वळणावर एक किल्ला. लोक एका गावी उतरतात, किल्ला पाहतात, चहा घेतात आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या बोटीने पुढे जातात. भाचा म्हणाला, "मामू, असं आपल्याकडं का नाही?" त्याच्या शेजारी बसलेल्या काजे-बटणवाल्याच्या मुलाने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "आणि असेल, तर आपला बाजार का जात नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर आम्हाला चांगले ठाऊक होते, पण त्या दिवशी आम्ही थान गुंडाळत गप्प राहिलो. आज दोन्ही उत्तरे लिहीत आहोत.

ऱ्हाईन नदीचा तो सुंदर टापू रूडेसहाइमपासून कोब्लेंट्झपर्यंत सुमारे 65 किलोमीटरचा आहे. तेवढ्यात सुमारे 40 किल्ले आणि गढ्या आहेत. युनेस्कोने 2002 साली तो जागतिक वारशाच्या यादीत घेतला. पण व्यापाऱ्याने हे किल्ले वेगळ्या नजरेने पाहावेत. त्यांतील पुष्कळ किल्ले म्हणजे जकात नाके होते. काउब गावापाशी तर नदीच्या मधोमध खडकावर चौदाव्या शतकात किल्ला उभारला, तो जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर जकात वसूल करण्यासाठीच. व्यापारी इतके जेरीस आले होते की 1254 साली नदीकाठच्या शहरांनी बेकायदा जकातीविरुद्ध एकजूट केली. नदी खऱ्या अर्थाने खुली व्हायला 1868 चा मानहाइमचा करार उजाडावा लागला. ज्या भिंतींना पाहून आमच्यासारखे कापडवाले कपाळाला हात लावीत, त्याच भिंती पाहायला आज लोक तिकीट काढतात!

आपल्याकडे याच जातीची गोष्ट कोकणात आहे. सह्याद्रीतून उतरलेल्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या होतात आणि खाडीच्या तोंडाशी किंवा आत किल्ला असतो. कुंडलिकेच्या तोंडावर रेवदंडा आणि कोर्लई हे पोर्तुगीजांचे किल्ले. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी पाण्यातला जंजिरा. सावित्रीच्या मुखावर बाणकोट, जो 1755 च्या सुमारास इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग, जो 2025 साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला. वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेलचा गोपाळगड, आणि खाडीने आत चिपळूणपर्यंत गेले की गोवळकोटचा गोविंदगड. खाडीतून गलबत आत जाणार म्हणजे किल्ल्यासमोरूनच जाणार. किल्ला ज्याचा, बंदराचे उत्पन्न त्याचे. सिद्दी, आदिलशाही, पोर्तुगीज, मराठे, आंग्रे आणि इंग्रज या किल्ल्यांसाठी दोन-तीनशे वर्षे झगडले त्याचे हे मोठे कारण. धर्मावरून यांची सरळ विभागणी करू पाहणाऱ्याचा येथे घोटाळा होतो. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता आणि त्याची झुंज जंजिऱ्याच्या सिद्दीशी होती.

ऱ्हाईनसारखी एकच बोट सगळीकडे नेणारी मात्र येथे नाही. आपल्याला बस, फेरीबोट आणि होडी यांची सांगड स्वतः घालावी लागते. सगळी अडचण येथे आहे आणि आमचा घातही येथेच झाला होता.

2019 च्या जानेवारीत आमच्या बाजारातील 46 माणसे जंजिऱ्याला गेली. दुकानदार, दोन शिंपी, एक रंगारी, एक रफूगर, त्यांच्या घरच्या बायका आणि मुले. खजिनदार आम्हीच होतो. एका एजंटाने माणशी ठोक रक्कम सांगितली, आम्ही ती गोळा करून सगळीच्या सगळी आगाऊ देऊन टाकली. पावती घेतली ती साध्या कागदावर. दुकानात चार आण्यांच्या फरकासाठी सुरतेला तीनदा फोन करणारे आम्ही! पण सहल म्हणजे मौज, तिथे कसला भावताव, अशी समजूत होती. बस उशिरा आली, जेवण उशिरा झाले, राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि पाणी ओसरत चालले होते. तांडेल वयस्क होता. तो म्हणाला, "आज नको. सकाळी भरतीला या." पण सकाळी आमची परतीची गाडी होती आणि एजंट फोन उचलत नव्हता. आम्हीच त्या म्हाताऱ्याच्या मागे लागलो. घाई आमची होती, त्याची नव्हती, हे येथे स्पष्ट लिहितो.

जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी लागते ती पायऱ्यांना. पाणी भरलेले असेल तर कोरड्या पायरीवर पाय पडतो. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असते. होडी वर-खाली होत होती, खलाशी एकेकाचा हात धरून उतरवीत होता. आमचे रफूगर चाचा, वय 62, हात न धरता उतरू गेले आणि उजव्या मनगटावर पडले. हाड दोन ठिकाणी मोडले. किल्ला कुणीच पाहिला नाही. त्याच होडीने सगळे परत.

रफूगराचे मनगट म्हणजे काय हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. शेरवानीला उंदराने पाडलेले भोक ते असे भरीत की कापड विणणाऱ्यालाही जागा सापडू नये. प्लास्टर निघाले तरी सुई पूर्वीसारखी चालली नाही. आता ते फॉल-बिडिंग करतात, तेही सावकाश. बाजाराने वर्गणी केली, दवाखान्याचा खर्च भागला, पण सहा महिन्यांची मजुरी आणि पुढचा हुन्नर कोण भरून देणार? तेव्हापासून आमच्या बाजाराची एकही सहल निघाली नाही. काजे-बटणवाल्याच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

आता तरुणांनी पुन्हा विषय काढला आहे. 40 माणसे न्यायची म्हणतात. बुजुर्गांचा कल नको म्हणण्याकडे आहे. आमचे मत असे की जावे, आणि बायका-मुलांसह जावे. 1870 साली जलंब-खामगाव रेल्वे झाली ती कापसासाठी. दीडशे वर्षे आमच्या जिल्ह्याचा कापूस समुद्रापर्यंत जातो आहे. पण तो कापूस वेचणाऱ्या, पिंजणाऱ्या, शिवणाऱ्या घरांतील किती बायकांनी समुद्र पाहिला? आमच्या अम्मींनी पाहिला नव्हता. घरच्या मंडळींनी 2019 साली पाहिला तो धक्क्यावर बसून, रडत. तेवढ्यावर हिशेब बंद करणे आम्हाला मान्य नाही.

मात्र या वेळी नियोजनाचा क्रम उलटा करावा लागेल. आपली रीत अशी: आधी वर्गणी, मग तारीख, मग गाडी, आणि पाणी-बिणी तिथे गेल्यावर पाहू. वस्तुतः पहिली गोष्ट पाणी आहे. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी फार चढते, फार उतरते आणि ओढही जोराची. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती सौम्य. कोकणातला जुना ढोबळ हिशेब असा की तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, चतुर्दशीला साडेदहा. आमच्याकडे घरोघरी चाँदची तारीख ठाऊक असते. तीत साधारण एक मिळवला की तिथी येते. तेव्हा चाँदच्या दहा तारखेला जंजिरा ठेवला तर सव्वाआठच्या सुमारास पाणी भरलेले मिळते आणि तेव्हा उधाणाचा जोरही पुरता चढलेला नसतो. त्याच सहलीत तेरा तारखेला वाशिष्ठीत होडी घ्यायची तर भरती साडेदहाच्या पुढे मिळते. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे गोवळकोटच्या बाजूला आणखी थोडा वेळ धरावा. हा हिशेब तारीख ठरविण्यापुरता. त्या दिवशीची खरी वेळ छापील भरती-कोष्टकात पाहावी आणि शेवटचा शब्द तांडेलाचा. तो नको म्हणाला तर नको.

पावसाळाभर, म्हणजे जूनपासून, होड्या बंद असतात. त्यानंतर लग्नसराई, परीक्षा, रमजान आणि आपला हंगाम वगळला की दिवस थोडेच उरतात. म्हणून सहा महिने आधी बसावे. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते, त्याच्या आत तारीख पक्की हवी. आणखी एक. जुम्याच्या दिवशी दुपारी नमाजाच्या वेळी राजपुरीच्या होड्या थांबतात. जंजिरा शुक्रवारी ठेवू नये, म्हणजे त्यांचीही ओढाताण नाही, आपलीही नाही.

आमच्या मनातील मार्ग असा आहे. मलकापूरहून रात्रीची गाडी, सकाळी कल्याण, तेथून बसने पेण-अलिबाग मार्गे मुरुड. वाटेत रेवदंड्याचा कोट आणि खाडीपलीकडचा कोर्लई दिसतो, पण पहिल्या दिवशी चढण्याच्या भानगडीत पडू नये. गाडीची झोप अंगात असते आणि माणसे अशाच वेळी पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जंजिरा. बावीस एकरांचा किल्ला, चहूकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. हे एक आश्चर्यच आहे. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांनी ते तलाव जरूर पाहावेत. कलाल बांगडी तोफ मुले आपणहून शोधतील. हे सिद्दींचे संस्थान 1948 साली भारतात विलीन झाले. दुपारी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मुक्काम श्रीवर्धनला. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडायची, वर बाणकोट पाहायचा, आणि हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग. तिथे होडीने जाण्याचा मोह आम्ही आवरणार आहोत. एका सहलीत 40 माणसांना दोनदा समुद्रातल्या किल्ल्यावर उतरविणे म्हणजे नशिबाची परीक्षा पाहणे होय.

चौथा दिवस दाभोळचा, आणि आम्हाला सर्वांत ओढ याच दिवसाची आहे. बहामनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. घाटावरचे कापड उतरून येथून अरबस्तानाकडे जाई आणि हजचे यात्रेकरूही येथूनच निघत. 1508 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. खाडीकाठी सतराव्या शतकातील दगडी मशीद आहे. आदिलशाही घराण्यातील एका बीबीने हजला निघालेली असताना ती बांधविली, अशी कथा तेथे सांगतात. कापडाच्या धंद्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या, पण ज्या बंदरातून हे कापड जगात गेले त्याचे नाव आम्ही चाळिशीनंतर ऐकले! उर्दू शाळेत बगदाद आणि कुर्तुबा शिकलो, दाभोळ राहून गेले. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट आहे, 2003 सालापासून. पलीकडे गोपाळगड. सिद्दीकडून तुळाजी आंग्र्यांनी तो जिंकला आणि हे नाव दिले. 1818 ला इंग्रजांनी घेतला. फेरीबोटीत मोटारी चढतात. आपली बस मोठी असेल तर ओहोटीला चढेल की नाही हे आदल्या दिवशी माणूस पाठवून विचारावे.

पाचव्या दिवशी चिपळूण. वाशिष्ठीला उन्हाळ्यातही पाणी असते, कारण कोयनेच्या वीजघरांतून सुटणारे पाणी या नदीत येते. घाटापलीकडच्या धरणाने कोकणातली नदी वाहती ठेवली आहे. खाडीत मगरी आहेत आणि त्या दाखविण्यासाठी होड्याही चालतात. मुलांना हा दिवस फार आवडेल. पाण्यात हात घालायचा नाही, हे मात्र होडीत बसण्यापूर्वी सांगायचे, बसल्यावर नव्हे. ऱ्हाईनच्या चित्रफितीच्या सर्वांत जवळ जाणारा तुकडा हाच. शांत पाणी, दोन्हीकडे हिरवे डोंगर, टेकडीवर गोविंदगड. संध्याकाळी कोकण रेल्वेने पनवेल आणि तेथून घर.

आता माणसांचा हिशेब. 40 माणसे आहेत म्हणून 40 माणसांची होडी शोधायची नाही. होडीच्या परवान्यावर प्रवाशांचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा पाहून आपल्या टोळ्या पाडायच्या. दहा-दहाच्या चार टोळ्या, प्रत्येकीला एक मुकादम, आणि त्याच्या खिशात दहा नावांची चिठ्ठी. होडीत चढताना मोजणी, उतरताना मोजणी. थानांची मोजणी आपण आत येताना आणि बाहेर जाताना करतोच की! लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, बंद बांधलेले. लहान मुलांच्या मापाची आहेत का हे आधी विचारायचे. बुरख्यावरून किंवा साडीवरून ते बांधायला बायका संकोचतात, म्हणून आपल्याच एका आपाने सर्वांना आदल्या रात्री बांधून दाखवावे. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. प्रवाशांपैकी अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील 14 विद्यार्थी बुडाले. तेथे होडीचा संबंधच नव्हता, मुले पाण्यात उतरली होती. म्हणून किनाऱ्यावर पाय भिजविण्यापलीकडे कुणी जाणार नाही, ही अट वर्गणीच्या वेळीच लिहून घ्यावी. तरुण मंडळी तोंड वाकडे करतील, करू द्यावे.

पैशाच्या बाबतीत आम्ही एवढेच म्हणतो की सहलीची वर्गणी ही अमानत आहे. ती दोघांच्या सहीने बँकेत राहावी. कुणालाही पाव हिश्श्याहून जास्त आगाऊ देऊ नये. बसवाल्याकडून, मुक्कामाच्या ठिकाणाकडून पक्के बिल घ्यावे. बस किती वाजता कोठे उभी राहील हे कागदावर लिहून त्यावर त्याची सही घ्यावी. एकूण रकमेचा दहावा हिस्सा बाजूला ठेवावा, आणि पाणी अनुकूल नसेल तर एक मुक्काम वाढविण्यासाठी तो वापरावा. 2019 साली आमच्याकडे असा एक जादा मुक्काम असता, तर पुढचे काहीच घडले नसते. परत आल्यावर हिशेब बाजारात भिंतीवर लावावा. एजंट मुळीच नको असे आम्ही म्हणत नाही. ज्याला भरतीची वेळ विचारली असता उत्तर देता येते, असा एजंट चालेल.

विम्याची गोष्ट शेवटी आली, पण ती सर्वांत आधी करायची आहे. केंद्र सरकारची सुरक्षा विमा योजना 2015 पासून आहे. बँकेच्या खात्यातून वर्षाला 20 रुपये जातात. 18 ते 70 वयाच्या माणसाला अपघाती मृत्यूसाठी 2 लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी 1 लाखापर्यंत संरक्षण मिळते. एका चहाच्या दोन कपांएवढी रक्कम! तरी आमच्या गल्लीत पाहणी केली तेव्हा हाताच्या कामावर जगणाऱ्या पुष्कळ कारागिरांनी हा अर्ज भरलेला नव्हता. मोडलेल्या मनगटाचे पैसे या योजनेत मिळाले असते असे आम्ही म्हणत नाही, तिच्या अटी कडक आहेत. पण सहलीला येणाऱ्या प्रत्येकाचा हा अर्ज भरलेला असावा आणि सहलीपुरता वेगळा अपघात विमाही घ्यावा. त्याचा खर्च वर्गणीतच धरावा.

"सहा दिवस दुकान बंद म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल," असे एक स्नेही म्हणाले. जाईल. दोन भावांचे दुकान असेल तर एकाने या वर्षी जावे, दुसऱ्याने पुढच्या वर्षी. एकट्याचे असेल तर नोकराच्या हाती चावी देण्याचा सराव व्हायला ही संधी वाईट नाही.

मागच्या इतवारी रात्री आमच्या दुकानात बैठक झाली. वर लिहिले ते सगळे आम्ही वाचून दाखविले. कुणीतरी म्हणाले की रफूगर चाचांकडून वर्गणी घेऊ नये, त्यांना बाजारातर्फे न्यावे. चाचा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी विचारले, "होडी किती वाजता?" आम्ही सांगितले, चाँदची दहावी, सकाळी आठच्या सुमारास, पाणी भरलेले असताना. त्यांनी डाव्या हाताने खिशातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि गादीवर ठेवल्या. सगळी वर्गणी. आम्ही पावती फाडली, क्रमांक एक.